खालाचा खुबा आणि जपून ठेवलेला कागद



गोष्ट एका हिवाळ्यातली आहे. आमच्या खालाला घेऊन आम्ही कळमनुरीहून नांदेडला निघालो होतो. तिचा डावा पाय दुखतो, असे तिची मोठी सून सांगत होती. खाला मात्र म्हणत होती की काही झालेले नाही, उगीच गाडीभाडे घालवता. वारंगा फाट्यावर चहासाठी गाडी थांबली. खाला उतरली, दाराला धरून क्षणभर उभी राहिली आणि पहिले पाऊल टाकताना तिने ओठ घट्ट दाबले. चार-पाच पावलांनंतर ती बरीच सरळ चालू लागली. आम्ही पाहतो आहोत हे लक्षात येताच हसून म्हणाली, "कुछ नै बेटा, पहले दो-चार कदम अकडता, फिर खुलताय."

हे वाक्य ती दोन वर्षांपासून घरातल्या सगळ्यांना सांगत होती. नांदेडच्या डॉक्टरांनी ते ऐकले आणि हातातला पेन खाली ठेवला. "आजी, हेच वाक्य तुम्ही दोन वर्षांपूर्वी मला सांगायला हवे होते," असे ते म्हणाले.

खालाच्या डाव्या खुब्याचा सांधा २०१२ मध्ये बदलला होता. तेव्हा ती ५४ वर्षांची होती. संधिवातासाठी तिने वर्षानुवर्षे पुड्या खाल्ल्या होत्या. त्या पुड्यांवर ना नाव होते, ना कंपनी. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते फार दिवस पोटात गेले तर खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, गोळा आतून मरतो आणि ढासळतो. खालाचे तेच झाले होते. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झाले आणि पुढची दहा वर्षे ती धडधाकट माणसासारखी चालली. त्याच पायांवर २०१७ मध्ये उमरा करून आली. कृत्रिम सांधा शरीरात आहे, याचा घरातल्या सगळ्यांना जवळजवळ विसर पडला होता.

भिंत आणि खुंटी

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. वाटी कमरेच्या हाडात असते आणि गोळा मांडीच्या हाडाच्या टोकाला. सांधा बदलताना मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात, त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा येतो. कमरेच्या हाडात नवी वाटी बसते आणि तिच्या आत बहुधा टणक प्लॅस्टिकचे अस्तर असते. दांडा आणि वाटी हाडात पकडून ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. एकात हाडाचे खास सिमेंट वापरतात. दुसऱ्यात धातूचा पृष्ठभाग खरबरीत ठेवतात, म्हणजे हाड हळूहळू त्यात वाढून धातूला धरते. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा लहान गोळा, प्लॅस्टिकची वाटी आणि सिमेंट यांचा मेळ बसवला. आजचे बरेचसे सांधे त्याच कल्पनेवर उभे आहेत.

मग चांगला बसलेला सांधा दहा-बारा वर्षांनी सैल का होतो? आपल्याकडच्या जुन्या मातीच्या घरांत भिंतीत लाकडी खुंट्या असायच्या. वर्षानुवर्षे कंदील, पिशव्या, बैलांचे दोर त्यावर टांगले जायचे. एक दिवस खुंटी हलू लागायची. उपसून पाहिली तर खुंटी शाबूत असायची, तिच्या भोवतीची माती भुसभुशीत झालेली असायची. कृत्रिम सांध्याचे पुष्कळदा असेच होते. धातू शाबूत असतो, भोवतीचे हाड खचते.

हाड खचण्याचे कारण मोठे विचित्र आहे. चालताना गोळा अस्तरावर घासतो आणि डोळ्यांना न दिसणारे प्लॅस्टिकचे कण सुटतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी हे कण कचरा समजून गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. मग त्या पेशी अशी रसायने सोडतात की हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि सांध्याभोवतीचे हाड विरघळू लागते. म्हणजे शरीर स्वतःचे रक्षण करायला जाते आणि स्वतःचीच भिंत पोखरते. अलीकडच्या वर्षांत जे सुधारित प्लॅस्टिक आले आहे, त्याची झीज पुष्कळ कमी होते. जंतुसंसर्ग, जोरात पडणे, सुरुवातीलाच हाडाने धातूला नीट न धरणे, हीसुद्धा सैल होण्याची कारणे आहेत.

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लाखो रुग्णांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार खुब्याचे दहापैकी जवळपास नऊ सांधे १५ वर्षे टिकतात आणि दहापैकी जवळपास सहा सांधे २५ वर्षे टिकतात. ऑपरेशन चांगलेच आहे. त्याने अंथरुणाला खिळलेली माणसे उभी राहिली आहेत. पण सांधा बसवला म्हणजे काम संपले, हा आपला समज चुकीचा आहे.

खालाने का लपवले

सांधा सैल झाल्याच्या खुणा तशा साध्या असतात. बसून उठल्यावर पहिली काही पावले दुखतात आणि मग पाय मोकळा होतो. वाटी सैल असेल तर दुखणे बहुधा जांघेत जाणवते, दांडा सैल असेल तर मांडीत. पुढे माणूस लंगडू लागतो, पाय आखूड वाटतो. खालाच्या सलवारीची डावी मोहरी दाराच्या उंबऱ्याला घासून फाटत होती. सुनेने ती दोनदा शिवली, पण डावा पाय आखूड होतो आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आमच्याही नाही. दर ईदला आम्ही तिच्या घरी जातो, शीरखुर्मा खातो, दुआ घेतो आणि परततो.

तिने का लपवले, हे परतीच्या वाटेवर कळले. मोठ्या नातीच्या मेहंदीच्या रात्री खाला बायकांच्या घोळक्यात जमिनीवर मांडी घालून बसली होती. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी मांडी घालू नका, उकिडवे बसू नका, असे बजावले होते. त्यानंतर काही महिन्यांनी दुखू लागले. खालाने मनाशी धरले की आपणच सांधा मोडला आणि आता सांगितले तर मुले बोल लावतील. शिवाय नातीच्या लग्नाचे कर्ज फिटायचे होते. हळदीला त्या वर्षी भाव मिळाला नव्हता. म्हातारीच्या पायावर पुन्हा पैसे घाला, हे तिला सांगवेना.

डॉक्टरांनी तिची समजूत काढली. जमिनीवर बसल्याने किंवा फार वाकल्याने गोळा वाटीतून निखळण्याचा धोका असतो. निखळणे वेगळे आणि सैल होणे वेगळे. सैल होण्याचे काम आत वर्षानुवर्षे चालू होते, त्यात त्या मेहंदीच्या रात्रीचा काही गुन्हा नव्हता. हे ऐकून खाला गाडीत बराच वेळ रडली. ते पाहून आम्हाला आमच्या घरांची लाज वाटली. ज्या घरात दुखते असे सांगायला आईला भीती वाटते, तिथे काही तरी चुकले आहे.

"जुना एक्स-रे आहे का?"

डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला. वाटीच्या भोवती एक काळी रेघ दिसत होती. हाड आणि धातू यांच्यात फट पडली की अशी रेघ दिसते. मग त्यांनी विचारले, "जुने एक्स-रे आणा. वाटी आधी कुठे होती आणि आता कुठे आहे, ते ताडून पाहावे लागेल. आणि सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर कुठे आहे?"

जुन्या एक्स-रेची गोष्ट सांगायला संकोच वाटतो. २६ डिसेंबर २०१९ ला सूर्यग्रहण होते. एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण पाहू नका, डोळे जातील, असे आम्ही शाळेत फळ्यावर लिहून दिले होते. खालाच्या नातवाने आमचे फळ्यावरचे वाक्य वहीत उतरवले आणि घरी जाऊन आजीच्या खुब्याची फिल्म कापून गल्लीत वाटली. फाईलचे तर आमच्याच हातून झाले. घराला सफेदी करायची होती, आम्ही मदतीला गेलो होतो. दवाखान्याचे जुने बिल समजून ती जाड फाईल आम्ही स्वतः रद्दीत घातली.

जिथे ऑपरेशन झाले तिथे फोन केला. एवढ्या जुन्या नोंदी आता नाहीत, असे उत्तर आले. आम्ही संतापलो होतो. नंतर कळले की २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षे जपायच्या असतात. रुग्णाने त्या मुदतीत मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. सांधा वीस वर्षांचा आणि दवाखान्यातला कागद तीन वर्षांचा. उरलेली सतरा वर्षे त्या कागदाला आपल्या कपाटाशिवाय दुसरे घर नाही, हे आम्हाला बी.एड.च्या वर्गात कोणी शिकवले नव्हते.

स्टिकरचे एवढे महत्त्व का? प्रत्येक दांडा, गोळा, वाटी ज्या डब्यातून येते, त्यात चिकटपट्ट्या असतात. त्यांवर कंपनी, प्रकार, माप आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. खालाचा दांडा घट्ट होता, फक्त वाटी हलत होती. दांडा कोणत्या कंपनीचा ते कळले तर त्याच्यावर जुळणारा नवा गोळा बसवून दांडा जागीच ठेवता येतो. कळले नाही आणि गोळा जुळला नाही, तर घट्ट बसलेला चांगला दांडाही हाड चिरून काढण्याची वेळ येऊ शकते. दुसऱ्यांदा होणारे ऑपरेशन मुळातच लांबते, रक्त जास्त जाते, खर्च वाढतो. त्यात ही भर.

ज्यांचा पत्ताच लागला नाही

डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला होता, सांधा धातूवर धातू असा आहे का? हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते समजायला मुंबईचे एक प्रकरण माहीत असायला हवे.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीने एएसआर नावाचा खुब्याचा सांधा बाजारात आणला होता. त्यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची. दोन धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटत, रक्तात उतरत, भोवतीचे मांस आणि हाड खराब करत. पाच वर्षांत साधारण आठांपैकी एका रुग्णाला पुन्हा ऑपरेशन करावे लागत होते. ऑस्ट्रेलियात बसवलेल्या प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद होते. त्या नोंदींतून हा दोष लवकर दिसला आणि तिथे २००९ च्या अखेरीस हा सांधा बाजारातून गेला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. तोपर्यंत सुमारे ९३,००० जणांना तो बसला होता.

भारतात हा सांधा सुमारे ४,७०० ऑपरेशनांत वापरला गेला. मुंबईतल्या एका रुग्णाने हा विषय लावून धरला. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, महेश झगडे आयुक्त असताना, २०११ मध्ये माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला. पुढे २०१७ मध्ये केंद्र सरकारने डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने बाधित रुग्णांना किमान २० लाख रुपये देण्याची शिफारस केली. भरपाईचे सूत्र ठरवायला दुसरी समिती बसली आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला.

पण आमच्या मनात घर करून राहिला तो वेगळाच आकडा. त्या ४,७०० पैकी कंपनीच्या मदतकेंद्रात जेमतेम १,०८० रुग्णांची नोंद झाली. सुमारे ३,६०० जणांचा पत्ताच लागला नाही. त्यांच्या शरीरात सदोष सांधा होता, पण कोणाच्या, कोणत्या गावात, हे सांगणारा कागद हाती नव्हता. स्वीडनमध्ये खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७९ पासून आहे. आपल्याकडे प्रत्येक सांध्याचा असा हिशेब ठेवला गेला असता, तर त्या माणसांना कोणी तरी पत्र पाठवले असते, फोन केला असता. त्यांच्यापैकी कोणी आपल्या मराठवाड्यातले असेल, खालासारखे "फिर खुलताय" म्हणत दिवस काढत असेल, हा विचार आम्हाला स्वस्थ बसू देत नाही.

उमऱ्याची पिशवी

कागद शोधून सगळे थकलो. आठवडाभराने खालालाच आठवले. उमऱ्याला जाताना विमानतळावरच्या तपासणीत धातू वाजेल म्हणून ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी तिला एक प्रमाणपत्र दिले होते. ते कुठे होते? उमऱ्याहून आणलेली तसबीह, अत्तराची कुपी आणि जुना पासपोर्ट यांच्यासोबत, कापडी पिशवीत, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. प्रमाणपत्राच्या मागे दांड्याचे, गोळ्याचे आणि वाटीचे स्टिकर जसेच्या तसे चिकटवलेले होते. सांधा प्लॅस्टिकच्या अस्तराचा होता.

जी फाईल आम्ही दवाखान्याची समजलो ती रद्दीत गेली आणि जो कागद उमऱ्याचा समजला गेला तो सात वर्षे हातही न लागता जपला गेला. दोन्ही कागद एकाच शरीराचे होते. शरीर अल्लाहची अमानत आहे असे आपण म्हणतो. त्या अमानतीचे कागदही तितक्याच अदबीने ठेवावेत, एवढेच आम्ही यातून शिकलो.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, सांध्यातले पाणी काढून तपासले. जंतुसंसर्ग नव्हता. मग ऑपरेशन झाले. वाटी आणि गोळा बदलला, दांडा वाचला. अल्हम्दुलिल्लाह, खाला आता काठी घेऊन अंगणात फिरते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून नमाज खुर्चीवर पढते. सुरुवातीला तिला त्याचे फार वाईट वाटत होते. मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की ज्याला सज्दा केल्याने इजा होते त्याने बसून, इशाऱ्याने पढावे, त्याच्या सवाबात काही कमी होत नाही. तेव्हा तिचे मन निवले.

आपल्या घरी काय कराल

ज्यांच्या घरी कोणाचा खुबा किंवा गुडघा बदलला आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवल्यावर एवढे करावे. डिस्चार्ज कार्ड आणि स्टिकर शोधा. सापडले तर मोबाईलमध्ये फोटो काढून घरातल्या दोन-तीन जणांना पाठवा आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून निकाहनामा, सातबारा ठेवता त्या पेटीत ठेवा. सापडले नाही आणि ऑपरेशन अलीकडचे असेल तर दवाखान्यात लेखी अर्ज करून नोंदी मागा. ज्यांचे ऑपरेशन व्हायचे आहे त्यांनी घरी निघण्यापूर्वीच स्टिकर लावलेला कागद मागून घ्यावा.

पाय दुखत नसला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढा, कारण हाड पोखरले जाताना पुष्कळ दिवस दुखत नाही. प्रत्येक एक्स-रे जपा. उठताना पहिली पावले दुखू लागली, पाय आखूड वाटू लागला, तर सणवाराची वाट पाहू नका. ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागले, रात्री पडल्या जागी ठणकू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लवकर कळले तर हाड शिल्लक असते आणि दुसरे ऑपरेशन सोपे जाते. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी विचारा की हे ऑपरेशन योजनेत बसते का. आणि सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घरात आणू नका.

शेवटचे काम सगळ्यात सोपे आहे. आज संध्याकाळी अम्मी, अब्बा, दादी जेव्हा बसल्या जागेवरून उठतील, तेव्हा त्यांची पहिली चार पावले नीट पाहा. मग विचारा, आणि उत्तरात "कुछ नै बेटा" आले तरी पुन्हा एकदा विचारा.

अल्लाह आपल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना चालते-फिरते ठेवो. आमीन.